स्नायूपेशी घडताना कॅल्शियमचं काय होतं: प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट

९ जून

विषय आज फायनल झाला. टीजीएफ-बीटाच्या (पेशींना वाढीचे निरोप देणाऱ्या) घराण्यातली प्रोटीन्स वाढीच्या वयातल्या स्नायूपेशीत कॅल्शियमचा तोल कसा बदलतात, एवढंच बघायचंय. मॅडम म्हणाल्या, "एवढंच" म्हणू नकोस, यात तीन वर्षं जातात लोकांची. तरी मला हाच विषय हवा होता. स्नायू आकुंचन पावतो तो कॅल्शियममुळे हे बारावीलाही शिकवतात, पण स्नायू मुळात बनतो तेव्हाही कॅल्शियम लागतं हे फारसं कुणी सांगत नाही. १९६९ मध्ये शाइनबर्ग, यागिल आणि याफे यांनी दाखवलं होतं की रॅटच्या स्नायूपेशी कमी कॅल्शियमच्या मिडियममध्ये (पेशी वाढवायच्या द्रावणात) ठेवल्या तर त्या वाढतात पण एकमेकींत मिसळत नाहीत, आणि कॅल्शियम परत दिलं की भराभर मिसळतात. म्हणजे कॅल्शियम हा स्नायूचा फक्त स्विच नाही, स्नायू घडवणाऱ्यांपैकी एक आहे.

सेल्स आपले नेहमीचे, सीटूसीट्वेल्व. याफे आणि सॅक्सेल यांनी १९७७ मध्ये उंदराच्या स्नायूतून काढलेल्या लाइनचे वंशज. फ्रीझरमधली सगळ्यात कमी पॅसेजची (कमी वेळा नव्या प्लेटमध्ये हलवलेली) व्हायल उद्या थॉ करणार, कारण जास्त पॅसेज झालेले सेल्स मिसळायचा कंटाळा करतात आणि मग दोष औषधाचा की सेल्सचा ते कळत नाही.

१३ जून

सेल्स छान चिकटलेत. हूडमध्ये बसलं की बाहेर धो धो पाऊस आहे हे पण विसरायला होतं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने येताना ऐरोलीच्या खाडीवर काही दिसत नव्हतं.

लॅबमध्ये नवीन आलेल्या ज्युनिअरसाठी थोडं लिहून ठेवते, तीच पुढे हा प्रोजेक्ट बघणार आहे. मायोब्लास्ट म्हणजे एका केंद्रकाची, वाढत राहणारी, अजून ठरायचं बाकी असलेली पेशी. तिला १० टक्के फीटल बोवाइन सिरम मिळत असतं तोवर ती विभागत राहते. प्लेट जवळजवळ भरली की सिरम काढून २ टक्के हॉर्स सिरम द्यायचं, वाढीचे सिग्नल कमी झाले की ती विभागणं थांबवते, शेजारणीला चिकटते, मग पडदे एक होतात आणि चार ते सहा दिवसांत लांब, अनेक केंद्रकांची मायोट्यूब तयार होते. प्लेट ७० टक्क्यांच्या वर भरू द्यायची नाही पॅसेजिंगच्या वेळी, नाहीतर मिसळण्यात हुशार असलेले सेल्स आधीच मिसळून जातात आणि मागे उरतात ते न मिसळणारे. दोन-चार वेळा असं झालं की लाइनचा स्वभावच बदलतो.

आणि कॅल्शियमचा हिशोब: मिडियममध्ये १.८ मिलिमोलर, पेशीच्या आत शांत असताना साधारण १०० नॅनोमोलर. म्हणजे बाहेर दहा हजारपटीहून जास्त. हा फरक टिकवायला पेशी रात्रंदिवस पंप चालवते. आतली साठवण सार्कोप्लाझमिक रेटिक्युलममध्ये, तिथे भरायचं काम सर्का पंपाचं, सोडायचं काम रायनोडिन रिसेप्टरचं म्हणजे आरवायआर-१ चं.

१८ जून

टीजीएफ-बीटा-१ ची व्हायल आली. ड्राय आइस बऱ्यापैकी शिल्लक होता, बरं वाटलं. व्हायलमध्ये तळाला नुसता पांढरट ठिपका दिसतो, मायक्रोग्रॅममध्ये माल, आणि किंमत विचारू नका. हे प्रोटीन प्लास्टिकला चिकटतं. त्यामुळे नुसत्या पाण्यात विरघळवायचं नाही, ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये, आणि त्यात १ मिग्रॅ प्रति मिली बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) हवंच, म्हणजे ट्यूबच्या भिंतीला बीएसए चिकटतं आणि आपला माल द्रावणात राहतो. लो-बाइंड ट्यूबमध्ये छोटे छोटे अलिकोट केले, एकदा वितळवला तो परत गोठवायचा नाही. कंट्रोल डिशला पण तेवढंच ॲसिड आणि बीएसए जाणार, नुसतं मिडियम नाही.

डोस ५ नॅनोग्रॅम प्रति मिली ठेवतोय, सगळे १ ते १० मध्येच राहतात.

२४ जून

आज बराच वेळ वाचन. १९८६ मध्येच वेगवेगळ्या ग्रुप्सनी दाखवलं होतं की टीजीएफ-बीटा मायोब्लास्टला मायोट्यूब होऊ देत नाही. कसं, ते नंतर उलगडलं: रिसेप्टर स्मॅड-३ ला, म्हणजे निरोप केंद्रकात नेणाऱ्या प्रोटीनला, फॉस्फेट लावतो, स्मॅड-३ केंद्रकात जाऊन मायो-डीला (स्नायूचे जीन चालू करणाऱ्या प्रोटीनला) पकडतो, आणि मायो-डीला जो जोडीदार लागतो त्याच्याशी जोडी जमू देत नाही. २००१ चं काम आहे हे. मायो-डी बिचारा असतो तिथेच, पण जीन चालू करू शकत नाही.

याच घराण्यातला मायोस्टॅटिन १९९७ मध्ये सापडला. मॅकफेरॉन, लॉलर आणि ली यांनी उंदरांमधून तो जीन काढून टाकला आणि उंदरांचे स्नायू दुपटीहून मोठे झाले. बेल्जियन ब्लू गाईंचे ते भलेमोठे पुठ्ठे पण मायोस्टॅटिन बिघडल्यामुळेच, हे त्याच वर्षी कळलं. तो पण पुढे स्मॅड-२ आणि स्मॅड-३ कडूनच जातो. त्याच घराण्यातल्या बीएमपी-२ ची गोष्ट अजून वेगळी, जास्त डोस दिला तर सीटूसीट्वेल्व स्नायूचा रस्ताच सोडून हाडाच्या पेशीच्या वाटेला लागतात, हाडाच्या पेशीची खूण असलेलं अल्कलाइन फॉस्फटेज दिसायला लागतं. म्हणून बीएमपी-२ सध्या बाजूला ठेवलाय. ज्या पेशीने जातच बदलली तिच्यात स्नायूचं कॅल्शियम कुठे मोजणार.

आणि इथेच माझा मुख्य प्रश्न आहे. समजा टीजीएफ-बीटा दिलं, पाच दिवसांनी कॅफिन मारलं (ते आरवायआर उघडून साठ्यातलं कॅल्शियम सोडवतं) आणि कॅल्शियम कमी सुटलं. याचा अर्थ काय? मायोट्यूब बनली आणि तिचं कॅल्शियमचं काम बिघडलं, की मायोट्यूब बनलीच नाही, त्यामुळे आरवायआर-१ च तयार झाला नाही? दोन्हीत ग्राफ सेम दिसतो. असे ग्राफ मी बरेच बघितलेत ज्यात हा फरक केलेलाच नाही, आणि खाली बिनधास्त "कॅल्शियमचं संतुलन बिघडतं" असं लिहिलेलं असतं. मला हे पटत नाही.

म्हणून डिझाइन असं: एका गटाला टीजीएफ-बीटा पहिल्या दिवसापासून, म्हणजे हॉर्स सिरम दिलं तेव्हाच. दुसऱ्या गटाला मायोट्यूब तयार झाल्यावर, शेवटचे ४८ तास. आधीचा गट आणि उशिराचा गट. प्रत्येकासोबत एसबी-४३१५४२ ची एक डिश, हे औषध एल्क-४, ५ आणि ७ हे रिसेप्टर बंद करतं, तर परिणाम खरंच त्या वाटेने होतोय का ते कळेल. मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, हेच कर, बाकी सगळं नंतर.

२ जुलै

डायवर, म्हणजे कॅल्शियम मोजायच्या चमकणाऱ्या रंगावर, दिवस गेला. फ्लुओ-४ वापरणं सोपं आहे, पण मी फ्युरा-२ वरच अडून बसलेय. कारण: मायोट्यूब हलते. केसीएल (पोटॅशियम क्लोराइड, पडद्याचा विद्युत तोल बदलणारं) दिलं की ती आवळते, फोकसमधून सरकते, आणि एकाच रंगाच्या डायमध्ये ते सगळं कॅल्शियम बदलल्यासारखं दिसतं. फ्युरा-२ ला ३४० आणि ३८० नॅनोमीटरने आळीपाळीने उजेड द्यायचा, ५१० ला मोजायचं, आणि दोघांचं गुणोत्तर घ्यायचं. पेशी जाड असो, पातळ असो, डाय कमी गेलेला असो, गुणोत्तरात हे बरंचसं कटून जातं. हा डाय आणि त्याचं गणित ग्रिंकीविच, पोनी आणि त्सिएन यांनी १९८५ मध्ये दिलं. त्सिएन म्हणजे ज्यांना पुढे जीएफपीसाठी २००८ चं नोबेल मिळालं तेच.

३४० हे अल्ट्राव्हायोलेट असल्यामुळे प्लास्टिकच्या डिशमधून नीट जात नाही, काचेच्या तळाच्याच डिश लागतात, आणि काचेवर मायोट्यूब पाचव्या-सहाव्या दिवशी चटईसारखी गुंडाळून सुटते. जिलेटिनचा थर दिला आज. शिवाय बीटीएस टाकायचं, ते मायोसिनला, म्हणजे आवळणाऱ्या प्रोटीनला, थांबवतं त्यामुळे कॅल्शियम सुटतं पण पेशी आवळत नाही. ब्लेबिस्टॅटिन पण आहे लॅबमध्ये पण ते निळ्या उजेडात खराब होतं, इमेजिंगला नको.

८ जुलै

रात्री लाइट गेली होती, जनरेटर लागेपर्यंत इनक्युबेटरचं तापमान उतरलं. लॉगरवर दिसतंय. त्या बॅचच्या मायोट्यूब बघायला चांगल्या आहेत तरी आकडे घेणार नाही, कारण सर्का पंप तापमानाला फार हळवा असतो. नवीन बॅच आजच सीड केली. काकांनी इनक्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये कॉपर सल्फेट टाकून दिलं, पावसाळ्यात नवी मुंबईतल्या कुठल्याही कल्चर रूमचा खरा शत्रू बुरशी आहे, एकदा आत शिरली की महिना जातो.

१५ जुलै

पहिलं खरं इमेजिंग. सविस्तर लिहिते.

फ्युरा-२ चं एएम रूप (पडद्यातून आत शिरू शकणारं), डीएमएसओमध्ये, त्यात डाय विरघळायला थोडं प्ल्युरॉनिक. अर्धा तास अंधारात, रूम टेंपरेचरला. ३७ ला लोड केलं तर डाय पेशीच्या आतल्या कप्प्यांत पण घुसतो आणि मग सायटोप्लाझमचं नाही, भलत्याच जागेचं कॅल्शियम मोजत बसतो आपण. मग धुवून अजून अर्धा तास, म्हणजे आतली एन्झाइम्स एएमची शेपटी कापतील आणि डाय आत अडकून राहील. हा दुसरा अर्धा तास लोक गाळतात. गाळू नये.

मग खोलीतला दिवा बंद, एसी चालू, स्क्रीनवर कंट्रोलच्या मायोट्यूब. लांब, काही फाटे फुटलेल्या, आत केंद्रकांची रांग. दोन मिनिटं बेसलाइन. मग एटीपी. एटीपीला सगळेच सेल्स उत्तर देतात, न मिसळलेले मायोब्लास्ट सुद्धा, कारण ती वाट आयपी-३ या पेशीतल्या निरोप्याची आहे, तिला स्नायूपण लागत नाही. धुतलं. मग १० मिलिमोलर कॅफिन. आणि इथे जे दिसलं ते मला फार आवडलं: त्याच फील्डमध्ये मायोट्यूब लखकन वर गेल्या आणि त्यांच्या शेजारचे मायोब्लास्ट ढिम्म. एका चौकटीत दोन्ही. कॅफिन थेट आरवायआर उघडतं, आणि मायोब्लास्टकडे तो नसल्यातच जमा. म्हणजे एटीपी विचारतं "जिवंत आहेस का, साठा आहे का", आणि कॅफिन विचारतं "स्नायू झालीस का". हे दोन प्रश्न प्रत्येक डिशला विचारायचे असं ठरवलं.

१७ जुलै

आधीच्या गटाचं इमेजिंग, म्हणजे टीजीएफ-बीटा पहिल्या दिवसापासून.

मायोट्यूब जवळजवळ नाहीतच. इकडेतिकडे बारीक, दोन-तीन केंद्रकांच्या. एटीपीला उत्तर जोरदार, कंट्रोलच्या मायोब्लास्टसारखंच. कॅफिनला फील्ड सपाट. एसबी-४३१५४२ सोबत दिलेल्या डिशमध्ये मायोट्यूब परत आल्या आणि कॅफिनचं पीकही आलं.

म्हणजे या गटात "कॅल्शियम बिघडलं" असं म्हणायचा मला अधिकार नाही. साठा भरलेला आहे, आयपी-३ ची वाट चालू आहे, मायोब्लास्ट म्हणून पेशी ठणठणीत आहे. तिने फक्त स्नायू व्हायचं नाकारलंय, किंवा नाकारायला लावलंय. मायोजेनिन आणि मायोसिन हेवी चेनचे (दोन्ही स्नायूपणाच्या खुणा) स्टेन लावले की हे पक्कं होईल, उद्या फिक्स करते.

२३ जुलै

स्टेन आले. आधीच्या गटात मायोसिन अगदी कमी, फ्युजन इंडेक्स (मिसळलेल्या पेशींतल्या केंद्रकांचं प्रमाण) पडलेला. उशिराच्या गटात मायोसिन कंट्रोलसारखंच. छान, म्हणजे उशिराच्या गटात जे काही दिसेल ते मायोट्यूब न बनल्यामुळे नाही असं निदान म्हणता येईल.

मॅडमनी एक चांगला मुद्दा काढला. आधीच्या गटात उलटी वाट पण असू शकते: टीजीएफ-बीटामुळे मायोब्लास्टचं कॅल्शियम आधी बदलतं आणि त्यामुळे ती मिसळत नाही. माणसाच्या मायोब्लास्टवर जिनिव्हाच्या ग्रुपचं काम आहे, त्यात आधी पोटॅशियम चॅनल चालू होऊन पेशीचा पडदा जास्त निगेटिव्ह होतो, मग कॅल्शियम आत येतं, मग कॅल्सिन्युरिन (कॅल्शियमने चालू होणारं एन्झाइम), आणि त्यातून मायोजेनिन आणि मेफ-२, म्हणजे स्नायूचे जीन चालू करणारे. स्टिम-१ आणि ओराय-१ ची वाट पण लागते, ती साठा रिकामा झाला की बाहेरून कॅल्शियम आत घेणारी. तर आमच्या डिशमध्ये कारण कोण आणि परिणाम कोण हे अजून मोकळंच आहे. हे बघायला पहिल्या २४ तासांतच मोजायला लागेल, पाचव्या दिवशी नाही. वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

३० जुलै

उशिराचा गट. डिशेसची नावं लॅबमधल्या ताईंनी झाकून अ, ब, क, ड केली, कुठली कोणती ते त्यांच्याच वहीत. कुठली पेशी निवडायची हे माझ्या हातात असतं, आणि मला काय दिसावंसं वाटतंय ते मला माहीत आहे, त्यामुळे हे झाकणं गरजेचंच होतं.

केसीएल ६० मिलिमोलर, सोडियम तेवढंच कमी करून, नाहीतर पेशी नुसतीच आकसते. बाहेरचं कॅल्शियम काढून टाकून दिलं. कंकाल स्नायूत (हाडांना जोडलेल्या) पडद्यावरचा एल-टाइप चॅनल आरवायआर-१ ला थेट ढकलतो, बाहेरून कॅल्शियम यायची गरज नसते. १९७२ मध्ये आर्मस्ट्राँग, बेझानिया आणि होरोविच यांनी बेडकाच्या स्नायूवर हे दाखवलं होतं, बाहेर ईजीटीए टाकून कॅल्शियम संपवलं तरी स्नायू फडफडत राहिला. हृदयाचं तसं नसतं, तिथे बाहेरून कॅल्शियम आलंच पाहिजे, रिंगरने १८८३ लाच बघितलेलं. आमच्या कंट्रोल मायोट्यूबने बाहेर कॅल्शियम नसताना केसीएलला उत्तर दिलं, म्हणजे जोडणी खऱ्या स्नायूसारखी झालीय. मला आनंद झाला.

नावं उघडल्यावर: टीजीएफ-बीटा ४८ तास मिळालेल्या मायोट्यूबमध्ये केसीएलचं पीक कमी, कॅफिनचंही कमी. बेसलाइनचं गुणोत्तर किंचित वर, पण हे "किंचित" अजून बॅचेस झाल्याशिवाय मी कुणाला सांगणार नाही. एसबीच्या डिशमध्ये दोन्ही पीक कंट्रोलजवळ.

४ ऑगस्ट

आता प्रश्न बारीक झाला. केसीएल आणि कॅफिन दोन्ही कमी, म्हणजे बिघाड नुसता पडद्यावरच्या चॅनलमध्ये नाही, कारण कॅफिन त्या चॅनलला वगळून थेट आरवायआरवर जातं. मग एक तर आरवायआर नीट उघडत नाही, किंवा साठ्यातच कॅल्शियम कमी आहे. साठ्यात कमी असेल तर परत दोन शक्यता: सर्का नीट भरत नाही, किंवा भरलेलं गळतंय. सोसायटीच्या टाकीत पाणी नाही म्हटल्यावर आधी बघतात पंप बंद आहे की टाकी गळतेय, तेच.

साठा मोजायला: बाहेरचं कॅल्शियम शून्य, मग १ मायक्रोमोलर थॅप्सिगार्गिन, ते सर्का कायमचा बंद करतं आणि साठा हळूहळू बाहेर येतो. आलेल्या उंचवट्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे साठ्याचा अंदाज. नंतर बाहेर कॅल्शियम परत दिलं की ओराय-१ मधून आत येताना दुसरा उंचवटा दिसतो. एकाच डिशमध्ये दोन उत्तरं. आणि थॅप्सिगार्गिननंतर कॅफिन दिलं तर काहीच दिसायला नको, ते दिसलं तर तो कॅफिन आणि डायचा आपसातला घोळ समजायचा. तपासलं, सपाट आहे.

११ ऑगस्ट

उशिराच्या गटात थॅप्सिगार्गिनचा उंचवटा लहान. दुसरा उंचवटा, ओराय-१ वाला, कंट्रोलसारखाच. म्हणजे साठा कमी आहे, बाहेरून आत घ्यायची वाट ठीक आहे.

आज २०१५ चं नेचर मेडिसिनमधलं काम परत वाचलं, हाडात कॅन्सर पसरलेल्या उंदरांवरचं. हाड झिजताना त्यातून टीजीएफ-बीटा मोकळा होतो, तो स्नायूत नॉक्स-४ (ऑक्सिडेशन वाढवणारं एन्झाइम) वाढवतो, त्यामुळे आरवायआर-१ ऑक्सिडाइझ होतो आणि त्यातून कॅल्शियम गळत राहतं, स्नायू कमजोर होतो. टीजीएफ-बीटा अडवला की ताकद सुधारते. हे पूर्ण वाढलेल्या प्राण्यातलं आहे, आमचं डिशमधल्या कोवळ्या मायोट्यूबचं, आणि ४८ तासांचं, त्यामुळे तेच इथे होतंय असं गृहीत धरायचं नाही. पण दिशा दिसते. खारघरला कॅन्सरचं एवढं मोठं केंद्र आहे, तिथे येणाऱ्या किती पेशंटना हात उचलवत नाही, जिना चढवत नाही. लोक समजतात आजाराने खंगला. खंगण्यापलीकडे, जो स्नायू उरलाय तोही नीट आवळत नाही, हे कारण खूप कमी लोकांना ठाऊक असतं. माझ्या कामाचा तिथवर उपयोग होईल की नाही ते पुढचं पुढे, पण प्रश्न खरा आहे.

१४ ऑगस्ट

आयजीएफ-१ (स्नायू वाढवणारं प्रोटीन) ची छोटी बाजू पण लावली, उलट टोक म्हणून. आयजीएफ-१ मध्ये मायोट्यूब जाड झाल्या, कॅफिनचं पीक चांगलं. पण इथे पण तोच सापळा आहे, जाड आणि जास्त परिपक्व मायोट्यूबमध्ये पीक चांगलं येणारच, त्यात कॅल्शियमचं वेगळं नियंत्रण आहे असं सिद्ध होत नाही. उशिरा देऊन बघायला लागेल. सध्या बाजूला.

२१ ऑगस्ट

गळती की पंप. डँट्रोलीन वापरलं, आरवायआर-१ ला आवर घालणारं औषध, मॅलिग्नंट हायपरथर्मियासाठी (भुलेच्या औषधाने ताप भडकतो त्यासाठी) भूल देणारे डॉक्टर ठेवतात तेच. हिशोब असा: गळती असेल तर डँट्रोलीन देऊन तासभर ठेवल्यावर साठा परत भरेल आणि थॅप्सिगार्गिनचा उंचवटा वाढेल. पंपच ढिला असेल तर फारसा फरक नको.

डिशेस परत झाकलेल्या होत्या. उघडल्यावर: टीजीएफ-बीटा अधिक डँट्रोलीन यात उंचवटा वाढलाय, कंट्रोलपर्यंत नाही पण नुसत्या टीजीएफ-बीटापेक्षा स्पष्ट जास्त. कंट्रोल अधिक डँट्रोलीनमध्ये फरक नाही. म्हणजे निदान काही भाग गळतीचा आहे. उरलेला भाग सर्काचा असू शकतो, त्यासाठी सर्काचा वेस्टर्न (प्रोटीन किती आहे ते बघायची चाचणी) आणि पीक उतरायचा वेग, दोन्ही बघायचे. एकाच बॅचचं आहे हे, त्यामुळे मॅडमना ग्राफ पाठवताना वर लाल अक्षरात लिहिलं, एकच बॅच.

पुढचं: याच डिझाइनच्या अजून बॅचेस, वेगळ्या व्हायलमधून काढलेल्या सेल्सवर. एन-ॲसिटिल सिस्टीन (ऑक्सिडेशन रोखणारं) सोबत देऊन ऑक्सिडेशनचा हात आहे का ते. मायोस्टॅटिन उशिरा देऊन तोच साठा मोजायचा, स्मॅडची वाट एकच असेल तर तिथे पण कमी दिसायला हवा, आणि नाही दिसला तर ते जास्त इंटरेस्टिंग. आणि आधीच्या गटाचे पहिले २४ तास, तो प्रश्न अजून तसाच आहे. काचेच्या डिशची ऑर्डर गणपतीच्या आधी टाकायला सांगितलीय, सुट्ट्यांत कुरिअर अडकतं, आणि मायोट्यूब पाचव्या दिवसानंतर थांबत नाहीत कुणासाठी.